रिकॉलचं पत्र अमरावतीला, गाडी नागपुरात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मानेवाडा रोडवर राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते, आणि आमच्याकडे सेकंडहँड घेतलेली एक पेट्रोल कार आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या कारच्या बाबतीत जे झालं ते लिहून पाठवते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या, पण नागपुरात माझ्यासारखे कितीतरी लोक असतील जे अशी गाडी चालवून राहिले जी कंपनीनं आगीच्या धोक्यापायी कधीचीच दुरुस्तीसाठी परत बोलावलेली, म्हणजे रिकॉल केलेली आहे आणि त्यांच्यापर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, माझं भांडण एका कंपनीशी नाही, निरोप पोचवायची जी पद्धत आहे तिच्याशी आहे.

गाडी २०१८ ची. आम्ही ती २०२१ मध्ये घेतली, अमरावतीच्या एका रिटायर्ड काकांकडून. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धंतोलीत न्यावं लागतं आणि ऑटोत चढणं उतरणं त्यांना होत नव्हतं म्हणून घेतली, हौस म्हणून नाही. फॉर्म २९, फॉर्म ३०, आरटीओची फी सगळं रीतसर केलं, आरसी माझ्या नावावर झाली, इन्शुरन्स माझ्या नावावर झाला, मोबाईल नंबर माझा चढला. हे एवढं सविस्तर सांगते कारण पुढचा सगळा घोळ इथंच आहे.

एप्रिलमध्ये एक दिवस लेक मागच्या सीटवरून म्हणाली, आई पेट्रोलचा वास येऊन राहिला. मी म्हटलं आत्ताच पंपावरून निघालो ना, तो असेल. दुसऱ्या दिवशी परत. गाडी खाली वाकून पाहिली, फरशी कोरडी. मला वाटलं गळत असतं तर डाग दिसला असता. पण पेट्रोलचं तसं नसतं हे मला नंतर कळलं, ऑईलचा डाग राहतो, पेट्रोल उडून जातं, त्यातून आपल्याकडचा उन्हाळा, दोन मिनिटंही टिकत नाही. असे चार पाच दिवस गेले आणि त्या चार पाच दिवसांत मी सासऱ्यांना घेऊन दोनदा धंतोलीला जाऊन आले, एकदा तर लोहापुलाखालच्या जाममध्ये भर दुपारी वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून बसले कारण त्यांना एसी लागतो. आता ते आठवलं की पोटात गोळा येतो.

शेवटी सक्करदऱ्याच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, मला म्हणाले स्टार्ट करा, आणि लगेच ओरडले, बंद करा, बंद करा. मग मला बोलावून दाखवलं. पेट्रोलची नळी इंजिनला जिथं जोडते तिथं एक प्लास्टिकचं कनेक्टर असतं, बोटाच्या पेराएवढं, त्याला केसासारखी बारीक भेग होती. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती, त्यांनी टॉर्च तिरपा धरला तेव्हा दिसली. इंजिन बंद असलं की काही नाही, चालू केलं की त्या भेगेतून एक थेंब फुगायचा आणि खाली पडायचा. ते म्हणाले चाकात आपण हवा ठेवतो ३०-३३, त्याच्याहून जास्त प्रेशरनं पेट्रोल या नळीतून जातं, आज थेंब आहे, उद्या पिचकारी होईल. आणि तिथून वीतभर अंतरावर एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारा गरम पाईप. त्यांनी त्या एक्झॉस्टवर हात न लावता नुसता वर धरून दाखवला. मला म्हणाले, ताई ही गाडी तुम्ही चालवत आणली? आता चालवत नेऊ नका. या मॉडेलचं कंपनीकडून काहीतरी कॅम्पेन निघालं होतं, कंपनीत चेसिस नंबर टाकून पाहा.

कॅम्पेन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वर्कशॉपवाले लोक रिकॉल म्हणत नाहीत, कॅम्पेन म्हणतात. मला वाटलं काही ऑफर असेल.

गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. अ‍ॅडव्हायझर मुलगा होता, २५-२६ चा, बोलायला चांगला. त्यानं कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवलीच नाही, मीच काउंटरच्या बाजूनं जाऊन पाहिलं तर एक ओळ लाल अक्षरात. ओपन कॅम्पेन, म्हणजे रिकॉलचं काम बाकी. फ्युएल लाईनचं, म्हणजे पेट्रोलच्या नळीचं. तारीख दोन वर्षांपूर्वीची. दोन वर्षं! म्हणजे दोन वर्षांपासून कंपनीला माहीत आहे की या नंबरच्या गाडीचं पेट्रोलचं कनेक्टर तडकू शकतं, आणि त्या दोन वर्षांत ती गाडी माझ्या लेकीला क्लासला सोडून राहिली, सासऱ्यांना दवाखान्यात नेऊन राहिली, दिवाळीत माहेरी वर्ध्याला जाऊन आली.

मग जॉब कार्ड बनवताना त्या मुलानं कस्टमर कंप्लेंटच्या जागी लिहिलं, जनरल चेकअप. मी म्हटलं भाऊ, मी जनरल चेकअपला आले नाही, पेट्रोल गळतं म्हणून आले, ते लिहा. तो म्हणाला मॅडम टेन्शन मत लो, वो हम लोग देख लेंगे. मी म्हटलं टेन्शन नाही, लिहा. तो म्हणाला सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही. मी म्हटलं मग पेननं लिहा आणि सही करा. तो उठून मॅनेजरकडे गेला, मॅनेजर आले, त्यांनी मला पाणी विचारलं, बसा म्हणाले, पण लिहायला तेही तयार नव्हते. सगळं मिळून पाऊण तास गेला. शेवटी पेननं लिहिलं, इंजिन चालू असताना इंधन गळती, खाली तारीख आणि सही. तो कागद मी जपून ठेवला आहे. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना हात जोडून सांगते, जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिल्याशिवाय चावी देऊ नका. उद्या दुर्दैवानं काही झालं आणि इन्शुरन्सवाले आले तर जनरल चेकअप या दोन शब्दांवर तुमचं म्हणणं टिकणार नाही.

पार्ट नव्हता. येईल दहा दिवसांत म्हणाले, एकोणीस दिवस लागले. तोवर गाडी इथंच ठेवा असं मीच म्हटलं, तर उत्तर काय, जागा नाही, घरी ठेवा, चालवू नका फक्त. घरी म्हणजे कुठं? आमची फ्लॅट स्कीम आहे, चार मजल्यांची, खाली पार्किंग, आणि त्या पार्किंगमध्ये भिंतीला ओळीनं बारा घरांचे वीजमीटर लागले आहेत. माझ्या गाडीची जागा बरोबर त्या मीटरांच्या खाली. वर बारा कुटुंबं झोपलेली. एकच जिना, तोही त्याच पार्किंगमध्ये उतरतो. नागपुरात मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर कुठल्याही भागात जा, बहुतेक स्कीमा अशाच बांधलेल्या आहेत. मी गाडी नेली नाही. भांडून तिथंच ठेवली आणि एकोणीस दिवस सासऱ्यांना ऑटोनं नेलं, चार माणसांनी उचलून बसवायचं आणि चार माणसांनी उतरवायचं.

आता पत्राचं सांगते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले मॅडम लेटर तर गेलंय, रेकॉर्डला आहे. मी अमरावतीच्या काकांना फोन लावला. ते आता पुण्याला मुलाकडे राहतात. बिचारे म्हणाले, हो ताई, एक पाकीट आलं होतं कंपनीचं, मला वाटलं सर्व्हिसिंगच्या डिस्काउंटचं असेल, तसंच ठेवून दिलं. त्यांनी शोधून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मी ते पत्र तीनदा वाचलं. सगळं इंग्रजीत. वरती कंपनीचं चिन्ह, हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो, प्रिय ग्राहक, आम्ही गुणवत्तेशी बांधील आहोत वगैरे एक पूर्ण परिच्छेद, आणि मग एक वाक्य की काही विशिष्ट परिस्थितीत इंधनाची गळती होऊ शकते, कृपया सवडीनं जवळच्या वर्कशॉपशी संपर्क करा. सवडीनं! आग हा शब्द त्या अख्ख्या पत्रात कुठंही नाही. काकांचं मी काय चुकलं म्हणू, ते पत्र मला आलं असतं तर मीही बाजूला ठेवलं असतं.

माझं सांगणं एवढंच आहे की रिकॉलचा निरोप आज गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या हातात पडला पाहिजे, त्याला समजेल अशा भाषेत पडला पाहिजे, आणि आगीचा धोका असेल तर त्यात आग असं लिहिलं पाहिजे. कंपनीच्या रेकॉर्डला पहिला गिऱ्हाईक असतो ज्याला शोरूममधून गाडी विकली, दुसरा तिसरा मालक त्यांच्या हिशेबात नसतोच. आणि आपल्याकडे तर सेकंडहँड गाडीवरच किती घरं चालतात, वॉरंटी संपली की माणूस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकत नाही कारण परवडत नाही, गल्लीतल्या मिस्त्रीकडे जातो. मग चेसिस नंबर कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकणार कोण?

बरं, नाव पत्ता कुणाजवळच नाही असं आहे का? तसंही नाही. मागं एकदा अजनी चौकात झेब्रा क्रॉसिंगच्या पुढे गाडी गेली तर दुसऱ्याच दिवशी ई-चालान माझ्या मोबाईलवर. माझ्या. अमरावतीच्या काकांच्या नाही. म्हणजे ही गाडी आज कोणाची, त्याचा नंबर काय, हे सरकारच्या वाहन सिस्टीमला बरोबर माहीत आहे. दरवर्षी पीयूसी काढते तिथं नंबरप्लेटचा फोटो घेतात, ते सगळं ऑनलाईन चढतं. दरवर्षी इन्शुरन्स भरते, पॉलिसीवर चेसिस नंबर छापलेला असतो. आणि या प्रकाराच्या थोडं आधीच मी नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची केली ना आपल्या राज्यात, तिच्या बुकिंगला तर मी स्वतःच्या हातानं चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही टाकले होते. म्हणजे माझा चेसिस नंबर त्या दोन वर्षांत इतक्या ठिकाणी गेला, आणि एकाही स्क्रीनवर ती लाल ओळ आली नाही. चालान पोचतं, प्लेटची मुदत पोचते, आणि तुमची गाडी पेटू शकते हे पोचत नाही, हे मला काही केल्या पटत नाही.

कायदा नाही असंही नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कलम ११०ए आलं, त्यात केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावायला लावू शकतं, दुरुस्ती, बदलून देणं किंवा पैसे परत असं सगळं त्यात आहे. मग १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले, सरकारी पोर्टलवर ठरावीक संख्येनं तक्रारी आल्या की चौकशी, आणि सक्तीनं रिकॉल करावा लागला तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. चांगलंच आहे. पण तो नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहे. आणि आपली आरसी असते पंधरा वर्षांची! सेकंडहँड गाडी ज्या वयात आपल्यासारख्यांच्या घरी येते, जेव्हा रबर आणि प्लास्टिक खरं म्हणजे तडकायला लागतं, त्याच वयात ती नियमातून बाहेर पडते. कंपनीनं स्वतःहून रिकॉल केला तर जुन्या गाड्याही येतात, माझी तशीच आली, पण ते कंपनीच्या मनावर.

मी स्वतःहून रिकॉल करणाऱ्या कंपनीला नावं ठेवत नाही हेही लिहिते, कारण आपल्याकडे रिकॉल म्हटलं की लोक म्हणतात गाडीच बोगस. तसं नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुतीनं ए-स्टारच्या सुमारे १ लाख गाड्या पेट्रोल गळतीच्या शक्यतेसाठी बोलावल्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्रानं एक्सयूव्ही ७०० च्या १ लाख ८ हजार ३०६ गाड्या इंजिनजवळची वायरिंग घासली जाऊ शकते म्हणून तपासायला बोलावल्या. हे सांगणं प्रामाणिकपणाचं आहे. उलट २०१० मध्ये नॅनोच्या काही गाड्या पेटल्या तेव्हा टाटांनी फुकट जादा संरक्षण बसवून दिलं पण त्याला रिकॉल म्हणायला तयार नव्हते, मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं. दोष सापडला आणि उघड सांगितला तर माणूस विश्वास ठेवतो. सांगितलेलं कुणापर्यंत पोचलं हे मात्र कुणी मोजून राहिलं नाही.

बाहेरच्या देशात काय करतात ते मी त्या एकोणीस दिवसांत रात्री रात्री बसून वाचलं. अमेरिकेत २००४ मध्ये दोन सख्ख्या बहिणी, एक २४ ची एक २०, भाड्याच्या गाडीनं चालल्या होत्या. त्या मॉडेलला पॉवर स्टिअरिंगचं ऑईल गळून इंजिनमध्ये आग लागण्याचा धोका होता, रिकॉलचं पत्र महिनाभर आधी भाड्यानं देणाऱ्या कंपनीला मिळालं होतं, गाडी दुरुस्त न करताच पोरींना दिली. रस्त्यात इंजिन पेटलं, स्टिअरिंग गेलं, समोरच्या ट्रकवर आदळली, दोघी गेल्या. त्यांच्या आईनं अकरा बारा वर्षं पाठपुरावा केला, आणि २०१६ पासून तिथं कायदा लागू झाला की रिकॉलची दुरुस्ती न झालेली गाडी मोठ्या भाडेकंपन्यांना भाड्यानं देताच येत नाही. मी दोन तीनदा वाचलं आणि उठून लेकीच्या खोलीत जाऊन पाहून आले.

कोरियात २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेटायला लागल्या, इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा ईजीआर कूलर गळत होता, एका वर्षात ४० च्या आसपास गाड्या जळाल्या. तिथल्या सरकारनं ऑगस्टमध्ये हुकूम काढला की ज्यांची तपासणी झाली नाही ती गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. पार्किंगवाल्यांनी त्या गाड्या आत घेणं बंद केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया या दोघांनी मिळून अमेरिकेतल्या जवळपास ३४ लाख गाड्या बोलावल्या, ब्रेकच्या एबीएस युनिटमध्ये गळती होऊन शॉर्ट सर्किट होऊ शकतं म्हणून, आणि मालकांना स्पष्ट सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून लांब उघड्यावर उभी करा, कारण इंजिन बंद असतानाही पेटू शकते. घरापासून लांब उभी करा, ही चार शब्दांची ओळ. माझ्या पत्रात ती असती तर मीटरखाली दोन वर्षं गाडी लागली नसती. जर्मनीत तर वाहनांचं सरकारी खातं स्वतःच्या रजिस्टरमधून आजच्या मालकाचा पत्ता काढून देतं आणि वारंवार सांगूनही धोक्याच्या रिकॉलला गाडी आणली नाही तर शेवटी ती गाडी चालवायला बंदी येते. आपल्याकडेही रजिस्टर आहेच की, फक्त वापरायचं आहे.

एक गोष्ट उन्हाबद्दल. दर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रस्त्यात एखादी गाडी पेटली की सगळे म्हणतात उन्हानं पेटली, आणि विषय संपतो. मिस्त्रीकाकांनी मला समजावून सांगितलं ते मी तसंच सांगते. आपल्याकडचं ४५-४६ डिग्रीचं ऊन गाडी पेटवत नाही, इंजिनजवळचा एक्झॉस्ट कितीतरी शेकडो डिग्री गरम असतो, त्याच्यापुढे ऊन काहीच नाही. ऊन करतं काय तर रबराचे पाईप, प्लास्टिकचे जोड, वायरीवरची कव्हरं वाळवून कडक करतं, वर्षामागून वर्षं, मग ते तडकतात, पेट्रोल किंवा ऑईल बाहेर येतं, आणि गरम भागावर पडलं किंवा वायरीची ठिणगी मिळाली की झालं. त्यात उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. आणि आपलंही चुकतं, बर्डीच्या मार्केटमधून आणून लाईट, हॉर्न, स्पीकर बसवायचे, मूळ वायरी कापून जोड द्यायचे, फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकायचा. तेव्हा गाडी पेटली की सगळा दोष कंपनीचाच असं मी म्हणत नाही. पण दोष उन्हाचा म्हणून फाईल बंद करू नका, गाडीचा चेसिस नंबर पाहा, तिच्यावर रिकॉल होता का ते तपासा आणि ते छापा, ही माझी वर्तमानपत्रांनाही विनंती आहे. तुमच्या बातमीत धावत्या कारने घेतला पेट एवढंच असतं, फोटो असतो, जीवितहानी नाही असं असतं. कोणतं मॉडेल, किती सालचं, त्याला रिकॉल निघाला होता का, झाला होता का, हे चार शब्द जर प्रत्येक बातमीत आले तर तेच मॉडेल चालवणारा दुसरा माणूस सावध होईल ना.

आपले रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी साहेब नागपूरचेच खासदार आहेत, हे ११०ए कलम त्यांच्याच काळात आलं. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नवीन कायदा करायची गरज नाही. कंपनीनं रिकॉल केला की चेसिस नंबरांची यादी वाहन सिस्टीमला जोडा आणि चालान ज्या नंबरवर जातं त्याच नंबरवर मराठीत मेसेज पाठवा. पीयूसीच्या कागदावर आणि इन्शुरन्सच्या पावतीवर एक ओळ छापा, या गाडीवर सुरक्षेचा रिकॉल बाकी आहे. आरटीओत गाडी नावावर होताना फॉर्म घेणाऱ्या खिडकीवरच ते दिसू द्या, म्हणजे घेणाऱ्याला घेण्याआधी कळेल. आगीचा रिकॉल असेल आणि पार्ट नसेल तर पार्ट येईपर्यंत गाडी वर्कशॉपनं ठेवून घेणं बंधनकारक करा आणि निदान दवाखान्याच्या पेशंटसाठी तरी दुसरी गाडी द्यायला लावा. सात वर्षांची अट काढा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांनी एवढं करा. आरसीवर किंवा पॉलिसीवर १७ अक्षरांचा चेसिस नंबर असतो, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे गोल दिसला तर शून्य समजा, मी फोनवर ओ सांगत होते आणि समोरचा म्हणत होता नंबर सापडत नाही. तो नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाका नाहीतर कस्टमर केअरला फोन करून विचारा की यावर काही ओपन कॅम्पेन आहे का. रिकॉल म्हणू नका, कॅम्पेन म्हणा, लवकर सांगतात. रिकॉलच्या कामाचे पैसे लागत नाहीत, कितवे मालक आहात याचाही संबंध नाही. आणि पेट्रोलचा वास आला तर माझ्यासारखं चार दिवस थांबू नका, बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा. धूर दिसला तर बॉनेट उघडायचं नाही, हवा लागली की भडकतं, लांब जायचं आणि १०१ लावायचा.

माझ्या गाडीचं काम शेवटी चाळीस मिनिटांत झालं. एकोणीस दिवस वाट आणि चाळीस मिनिटं काम. जुनं कनेक्टर मी मागून घेतलं, द्यायला का कू करत होते, कंपनीला परत पाठवावं लागतं म्हणाले, मग मी फोटो तरी काढू द्या म्हटलं. तळहातावर ठेवून काढला. दोन ग्रॅमची वस्तू असेल.

तो फोटो मी आमच्या स्कीमच्या ग्रुपवर टाकला तर तिसऱ्या मजल्यावरचे एक दादा खाली आले. त्यांच्याकडे हेच मॉडेल, २०१७ चं, त्यांच्याआधी दोन मालक झालेले, आणि आरसी अजून पहिल्याच मालकाच्या नावावर, एजंटकडे पडून. आम्ही दोघांनी पार्किंगमध्ये टॉर्च लावून त्यांचा चेसिस नंबर वाचला आणि तिथूनच कस्टमर केअरला फोन केला. ओपन होतं. तेव्हापासून त्यांची गाडी बाहेर मैदानाच्या कडेला उभी आहे, सोमवारी नेणार आहेत. पत्र त्यांनाही आलं नव्हतं.

आपली नम्र,
एक कारमालक
मानेवाडा रोड, नागपूर